बिराजदारांची भिंत आणि बोटभर मासे

मंडळाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं, "दिवाळी अंकासाठी तुझ्या जॉबबद्दल काहीतरी प्रेरणादायी लिही. फक्त जरा पॉझिटिव्ह ठेव." त्यांना माझी पार्श्वभूमी ठाऊक नसावी. मी पुण्यात कॉलेजात असल्यापासून नदी वाचवण्याची पत्रकं लिहिलेली आहेत. पत्रकात पॉझिटिव्ह काही नसतं. एक गुन्हेगार असतो, एक बळी असतो आणि तळाशी सभेची वेळ असते. त्यामुळे पुढचं वाचून कुणाला प्रेरणा मिळाली तर तो माझा दोष नाही.

लग्नानंतर मी सिअ‍ॅटलला आले, वर्क परमिट हातात पडलं आणि एका छोट्या संस्थेत चिकटले. माझं काम भिंती पाडायचं. नवरा सॉफ्टवेअर बांधतो, मी भिंती पाडते. सासूबाई सोलापूर रोडच्या मैत्रिणींना सांगतात, "सून कन्स्ट्रक्शनमध्ये आहे." मी दुरुस्त करत नाही.

आता व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नला डेटा सेंटरांच्या मधोमध राहणाऱ्या आणि शिकागोजवळ नेपरव्हिलला बर्फ उपसणाऱ्या वाचकांसाठी एक छोटा धडा. आमच्याकडे समुद्र लांबलचक बोटांनी जमिनीत शिरलेला आहे. काठाला मातीचे उंच कडे आहेत. पावसाळी हिवाळ्यात हे कडे थोडे थोडे ढासळतात आणि ती माती, वाळू, बारीक खडी किनाऱ्यावर पसरते. हे ढासळणं म्हणजे किनाऱ्याचं रोजचं जेवण. माणसाने काय केलं, तर कड्यावर घर बांधलं, खिडकीतून समुद्र दिसतो म्हणून दुप्पट भाव दिला आणि मग त्याच समुद्राची भीती वाटून पायथ्याशी काँक्रीटची भिंत घातली. जेवण बंद. वर लाट भिंतीवर आपटते आणि परत जाताना उरलीसुरली वाळू घेऊन जाते.

त्याच वाळूत, भरतीच्या सगळ्यात वरच्या रेषेजवळ, स्मेल्ट नावाचे मासे अंडी घालतात. मांदेलीएवढे, चंदेरी, बोटभर मासे. सामन हा इथला मोठा मासा त्यांच्यावर जगतो. शिवाय सामनची पिल्लं नदीतून समुद्रात उतरली की काठाकाठाने उथळ पाण्यातून जातात, कारण उथळ पाण्यात मोठा मासा येत नाही. भिंतीपाशी उथळ पाणीच राहत नाही. तिथे मोठे मासे उभे असतात, आपल्याकडे शाळा सुटल्यावर भेळवाला उभा असतो तसे. मग सामन कमी झाला की लोक सामन खाणाऱ्या सीलच्या नावाने बोटं मोडतात.

तर आम्ही घरमालकांकडे जातो आणि भिंत काढू द्या म्हणतो. भिंतीच्या जागी वाळू-खडीचा उतार करतो, लाटेचा जोर मोडायला मोठे ओंडके पुरतो, वर विलोची आणि रानगुलाबाची झुडपं लावतो. घर आत असेल आणि जागा असेल तिथेच. जिथे घर पाण्याच्या तोंडाशी आहे तिथे भिंत राहते, आम्ही वेडे नाही.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. एका गृहस्थाने तासभर ऐकून घेऊन विचारलं, की हे सगळं ठीक आहे, पण माझा हॉट टब उचलायला तुमची माणसं मिळतील का. एका आजीबाईंनी सांगितलं, माझा नवरा या भिंतीवर बसून माझ्यापासून लांब राहायचा, आता तो गेला, घेऊन जा. आपल्या लोकांची तऱ्हा वेगळी. मंडळाच्या पिकनिकला मी विषय काढला की हमखास उत्तर येतं, "आम्ही व्हेज आहोत गं." जणू सामनची आणि त्यांची या जन्मात ओळखच व्हायची नाही. एका काकूंना मी म्हटलं, "तुम्ही खात नाही, पण तुमची भिंत नॉनव्हेज आहे." त्यांनी पुढची तीन वर्षं मला हळदीकुंकवाला बोलावलं नाही.

आता मुख्य प्रकरण. आमच्या हातात सात घरांचा एक सलग पट्टा होता. सहा मालकांनी सह्या केल्या होत्या. सातवं घर बरोब्बर मधलं, आणि मधलीच भिंत ठेवली तर तिच्या दोन्ही टोकांना लाट फिरून शेजाऱ्यांचे नवे उतार कुरतडणार. म्हणजे सात किंवा शून्य. वसंत ऋतूपर्यंत सातवी सही आली नाही तर आमचा निधी दुसऱ्या खाडीकडे जाणार होता. तीन वर्षांचं काम, माझं पहिलं स्वतःचं.

सातवं घर संतोष बिराजदारचं. सोलापूरचा मुलगा, मोठ्या कंपनीत मॅनेजर. कागदावर मालक तोच. मी फोन केला तर म्हणाला, "मला काही प्रॉब्लेम नाही, यार. पण बाबांना विचार. भिंतीचं सगळं बाबा बघतात."

माझी बॉस लिंडा अमेरिकन. तिला मी हे सांगितलं तर तिने विचारलं, "वडील सहमालक आहेत?"

"नाही."

"मग मुलगा लहान आहे?"

"चव्वेचाळीसचा आहे."

लिंडाने पेन खाली ठेवलं. तिला मी एवढंच सांगितलं, की आमच्यात सातबारा वेगळा आणि घरचा शब्द वेगळा. तिने वहीत काहीतरी लिहिलं, बहुधा माझी बदली.

बाबा म्हणजे बिराजदार काका. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. आयुष्यभर बंधारे बांधले. त्यांना फोन करून भिंत काढायची म्हटलं तर ते शांतपणे म्हणाले, "बाळ, भिंत काढायची नसते. भिंतीची देखभाल करायची असते." आणि फोन ठेवला.

इथे शहाण्या माणसाने घरी जाऊन चहा प्यायला असता. मी पत्रक काढलं.

मराठीत, दोन्ही बाजूंनी छापलेलं. मथळा होता, "ही भिंत कुणाला वाचवते?" खाली भिंतीचा फोटो आणि त्याखाली जाड अक्षरात, "किनाऱ्याची मारेकरी." ऑफिसच्या संग्रहातला सगळ्यात भकास फोटो मी निवडला होता. काळवंडलेलं काँक्रीट, पायाशी शेवाळ, वर राखाडी आभाळ. फोटो आमच्या एका अमेरिकन सहकाऱ्याने होडीतून काढलेला, कुणाच्या भिंतीचा ते लिहिलेलं नव्हतं आणि मीही विचारलं नाही. मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात मी दाराशी उभी राहून प्रत्येकाच्या हातात तिळगुळासोबत ते पत्रक ठेवलं. हो, तिळगुळासोबत. गोड बोला म्हणायचं आणि हातात मारेकरी ठेवायचा. तेव्हा मला ते फार धारदार वाटलं होतं.

अर्ध्या तासाने हॉलच्या कोपऱ्यातून एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ पत्रक घेऊन आले. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी फोटोवर बोट ठेवलं.

"हे काय लिहिलंय, वाच की."

"किनाऱ्याची मारेकरी."

"ते नव्हे. भिंतीवर."

मी फोटो डोळ्यांजवळ नेला. शेवाळाच्या वर, पांढऱ्या आणि तांबड्या पट्ट्यांची एक उभी मोजपट्टी रंगवलेली होती, बंधाऱ्याच्या भिंतीवर पुराची पातळी बघायला असते तशी. तिच्यावर आकडे होते. १, २, ३. मराठी आकडे.

"अख्ख्या अमेरिकेत समुद्राला मराठीत मोजणारा माणूस एकच आहे," बिराजदार काका म्हणाले. "आता या हॉलमधल्या प्रत्येकाला कळलं मारेकरी कोण."

आजूबाजूच्या बायका तिळगूळ चघळायच्या थांबल्या. मी काहीतरी पुटपुटले, की फोटो प्रातिनिधिक आहे. काका म्हणाले, "प्रातिनिधिक म्हणजे दुसऱ्याच्या भिंतीचा फोटो लावायचा आणि त्याला सांगायचं नाही, होय ना?" मग त्यांनी पत्रकाची नीट चार पदरी घडी केली, खिशात ठेवली आणि बायकोला, म्हणजे बिराजदार काकूंना घेऊन जेवायच्या आधी निघून गेले. मराठी माणूस जेवायच्या आधी निघून गेला म्हणजे प्रकरण किती टोकाला गेलं ते सांगायला नको.

पत्रक मागे घेता येत नाही. हे पुण्यात मला कुणी शिकवलं नव्हतं, कारण तिथे मी ज्यांच्याविरुद्ध लिहायचे ते कधी तिळगूळ घ्यायला येत नसत.

पुढच्या शनिवारी मी बिराजदारांच्या दारात उभी होते. संतोष कामाला, सून मुलांना घेऊन स्विमिंगला. दार काकूंनी उघडलं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्या म्हणाल्या, "आधी आत ये बाई, थंडी आत येतीय." कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही पुढे आलं. काका समोर बसले, पण पेपरमागे.

मी माफी मागितली. पेपर हलला नाही. मी पुन्हा मागितली. पेपरमागून आवाज आला, "पत्रकाचा मजकूर चुकीचा होता का फोटो?"

खरं सांगू? मी तेव्हा "दोन्ही" म्हणायला हवं होतं. पण माझ्या जिभेला तशी सवय नाही. मी म्हटलं, "फोटो लावायला नको होता. मजकूर बरोबर आहे."

काकूंनी कपाळाला हात लावला. पेपर खाली आला. काकांनी त्याची घडी केली. मग उठून म्हणाले, "चल. ओहोटी आहे."

आम्ही मागच्या पायऱ्यांनी खाली उतरलो. भिंत कमरेहून उंच, तिच्यावर ती मोजपट्टी. काकांच्या हातात जाड बांधणीची वही होती. रोज भरतीच्या वेळी खाली येऊन पाणी कुठपर्यंत आलं ते ते लिहायचे. सहा वर्षं, एक दिवस न चुकता. "रिटायर माणसाला काहीतरी पाहिजे," ते म्हणाले. "इथे ना मित्र, ना वाचनालय. समुद्र तेवढा वेळेवर येतो."

मी मोजपट्टीच्या तळाकडे बघितलं. शून्याची रेघ हवेत होती. तिच्याखाली काँक्रीट, मग नव्या सिमेंटचे ओबडधोबड थर आणि मग कुठे खडी.

"काका, शून्य रंगवलं तेव्हा कुठे होतं?"

त्यांनी वही बगलेत मारली.

"वाळूवर होतं ना?"

"वाळूवरच असतं शून्य. दुसरं कुठे असणार?"

आता शून्याखाली दीड वीत जागा होती. सहा वर्षांत समुद्राने किनारा तेवढा खाली नेला होता आणि भिंतीचा पाया उघडा पडत चालला होता. सिमेंटचे ते थर काकांनी स्वतः, गुडघ्यावर बसून, घातलेले. मला पत्रकाचा मथळा सुचायला लागला होता, पण सुदैवाने काका आधी बोलले.

"हे मला दोन वर्षांपूर्वीच कळलं. वहीत आहे सगळं. पण मी कुणाला बोललो नाही."

"का?"

त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला. "हे घर घ्यायच्या आधी संतोषने मला व्हिडिओ कॉलवर भिंत दाखवली होती. म्हणाला, बाबा, तुम्ही इंजिनियर आहात, सांगा, घेऊ का. घर तपासणारा इन्स्पेक्टर म्हणत होता भिंतीचं बघून घ्या. मी म्हटलं, भिंत पक्की आहे, घे. त्याने माझ्या शब्दावर घर घेतलं. आता मी काय सांगू? बापाची भिंत पोकळ निघाली?"

मी आयुष्यात पहिल्यांदा गुन्हेगार आणि बळी एकाच स्वेटरमध्ये बघत होते. माझ्याकडे त्यासाठी मजकूर नव्हता.

शेवटी मी पत्रकवाली नाही तर साइटवरची बाई म्हणून बोलले. घर काठापासून बरंच आत आहे. उतार कसा करतो, ओंडके किती खोल पुरतो, पहिल्या हिवाळ्यात काय होतं. त्यांनी चौकशी केली ती खात्यातल्यासारखी. खडीची जाडी किती, ओंडक्याला नांगर कसला, उताराचं प्रमाण काय. तीन प्रश्नांची उत्तरं मला आली नाहीत. ती घेऊन मी पुढच्या शनिवारी आले, मग त्याच्या पुढच्या. प्रत्येक वेळी भाकरी. मार्चमध्ये काकांनी संतोषला जेवताना सांगितलं, "भिंत चुकली. माझा अंदाज चुकला. काढू या." संतोष म्हणाला, "ओके बाबा, भाजी इकडे द्या." झालं. दोन वर्षं ज्या वाक्याने काकांना झोप नव्हती, ते भाजीच्या आधी संपलं.

या शनिवारांत एक गोष्ट घडली तीही सांगायला हवी. आमच्या कामात किनाऱ्यावर माशांची अंडी आहेत का ते तपासावं लागतं. वरच्या रेषेवरची खडी गोळा करायची, चाळणीतून धुवायची आणि मग बारीक वाळू पसरट भांड्यात पाणी घालून गोल गोल फिरवायची. वाळू जड, खाली बसते. अंडी हलकी, वर मध्याशी जमतात. ती चमच्याने काढून भिंगाखाली बघायची. आमच्या प्रशिक्षणात याला सोनं शोधण्याची उपमा देतात, आणि स्वयंसेवकांचं निम्मं सॅम्पल जमिनीवर सांडतं. मी एकदा बिराजदारांच्या अंगणात हे करत होते, तशीच सांडत. काकू ओट्यावरून बघत होत्या.

"काय करतेस तू हे?"

मी सांगितलं.

"अगं, हे तर तांदूळ रोळणं आहे. तू उलटं फिरवतीयस." त्यांनी भांडं ओढून घेतलं, पदर खोचला आणि मनगट असं काही फिरवलं की पाण्याने स्वतःच वाट काढून दिली. घरी त्या अजूनही इंडियन स्टोअरचा तांदूळ रोळून घेतात. संतोष म्हणतो, आई, हा आधीच क्लीन असतो. काकूंचं उत्तर ठरलेलं, "पिशवीवर लिहिलंय म्हणून?" त्या दिवसापासून अंडी तपासायच्या कामाला माझ्यासोबत काकू. आमच्या संस्थेच्या फॉर्मवर त्यांच्या नावापुढे "अनुभव" असा रकाना आहे. तिथे लिंडाच्या अक्षरात लिहिलंय, पन्नास वर्षं.

उन्हाळा आला. परवानगीत काम करायला थोडेच आठवडे दिलेले असतात, सामनची पिल्लं काठावर नसतात तेवढेच. भिंत फोडायचं मशीन तराफ्यावरून समुद्रातूनच येणार होतं, सोमवारी पहाटेच्या भरतीला. नियम असा, की त्याआधी अंड्यांची शेवटची तपासणी करायची. अंडी सापडली तर ती फुटून पिल्लं बाहेर पडेपर्यंत किनाऱ्याला हात लावायचा नाही. हा नियम मला तोंडपाठ आहे, कारण तो मोडणाऱ्यांवर मी दोन पत्रकं लिहिलेली आहेत.

रविवारी दुपारी काकू आणि मी वाळू रोळत होतो. भिंतीच्या टोकाला, शेजाऱ्याच्या हद्दीपाशी, वाळूचा चटईएवढा तुकडा उरला होता. काकूंनी भांडं फिरवलं, थांबल्या, आणि भिंग माझ्याकडे दिलं.

अंडी होती. अकरा. साबुदाण्याच्या कणीएवढी, पारदर्शक, प्रत्येकाला वाळूचा एक कण चिकटलेला, आणि दोनतीनांत काळे डोळे.

अर्धा मिनिट मला फार आनंद झाला. ज्या किनाऱ्याला मी मेलेला म्हणून छापलं होतं तिथे हे. मग दुसरा हिशोब डोक्यात सुरू झाला. तराफा परत जाणार. त्याची पुढची कामं लागलेली. पुन्हा मिळाला तर मिळाला, नाहीतर परवानगीचे आठवडे संपणार. पुढच्या वर्षापर्यंत सात मालकांपैकी एकाचं तरी मन फिरणार. आणि सगळ्यात आधी काकांचं.

मी काकूंना म्हटलं, "काकू, पुन्हा एकदा रोळून बघू या. कदाचित वाळूच असेल."

काकूंनी भांड्याकडे बघितलंसुद्धा नाही. "खडे मला कळतात बाई. हे खडे नाहीत. याला डोळे आहेत."

पायऱ्यांवर काका उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "मग कळवायचं कुणाला?"

"मत्स्यखात्याला," मी म्हटलं. "पण आज रविवार. ऑफिस बंद असेल. उद्या सकाळी करते मी फोन."

उद्या सकाळी, म्हणजे मशीन वाळूवर उतरल्यावर. हे त्यांना सांगायची गरज नव्हती.

काका घरात गेले आणि परवानगीचा कागद घेऊन आले. पहिल्या पानावरचा नंबर फिरवून त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. पहिल्याच रिंगला कुणीतरी उचलला. काका ताठ उभे राहिले आणि खात्यातल्या इंग्रजीत म्हणाले, "सर, धिस इज टू इन्फॉर्म यू दॅट फिश एग्ज आर फाउंड अ‍ॅट माय साइट. काइंडली स्टॉप माय वर्क." पलीकडच्या माणसाने दोनदा विचारलं, की तुम्ही स्वतःचंच काम थांबवायला सांगताय का. काका म्हणाले, "येस सर. आय अ‍ॅम द रिस्पॉन्सिबल पर्सन."

फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. काकूंनी अंडी जिथून घेतली तिथे परत ठेवली आणि वर ओली खडी पसरली.

तराफा परत गेला. लिंडाने दोन दिवस मला जेवायला सोबत घेतलं नाही. तिसऱ्या आठवड्यात काकूंनी रोळून सांगितलं, आता काही नाही, गेली पिल्लं. परवानगीचे चारच दिवस उरले होते. तराफा मिळाला, कारण त्या माणसाचं दुसरं काम पावसाने लांबलं. म्हणजे नशिबाने. यात माझी काही कर्तबगारी नाही. सातही भिंती त्या चार दिवसांत गेल्या. मशीनवाला बिराजदारांची भिंत वरून ठोकायला लागला तेव्हा काकांनी त्याला थांबवून पाया कुठून उघडा आहे ते दाखवलं आणि मग खुर्ची टाकून बसले. त्या हिवाळ्यात मोठं वादळ आलं. पाणी ओंडक्यांपर्यंत चढलं आणि परत गेलं. काकांनी ते वहीत लिहिलं.

ऑफिसच्या अहवालात मी लिहिलं, "अंडी सापडताच काम तत्काळ थांबवण्यात आलं." मराठीत काय किंवा इंग्रजीत काय, कर्मणी प्रयोग आमच्या धंद्यात फार उपयोगी पडतो. कुणी थांबवलं ते लिहावं लागत नाही.

ते ऑफिस रविवारी बंद नसतं, हे मला माहीत होतं. तो नंबर परवानगीच्या कागदावर घालायला मीच लावलेला. पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला त्या पहिल्या रिंगमध्येच सगळं कळलं असणार. त्यांनी ते संतोषला सांगितलं नाही, लिंडाला नाही, मंडळात कुणालाच नाही. एरवी संक्रांतीचा हिशोब चुकता करायला याहून चांगली संधी नव्हती.

फक्त आता तपासणीच्या दिवशी मी त्यांच्या दारात भांडं आणि चाळणी घेऊन उभी राहिले, की काका दार उघडतात, चष्मा कपाळावर ढकलतात आणि अगदी गंभीर चेहऱ्याने विचारतात, "काय गं शलाका, आज ऑफिस उघडं आहे ना?"